काच हाय, वाघ नाई

सगुणाबाईंना माझं नाव शेवटपर्यंत पाठ झालं नाही. माझा हात मात्र त्यांनी एकदाच पाहिला आणि कायमचा लक्षात ठेवला. "दोन-चारवाली आली," असं त्या शेजारच्या लसूणवालीला सांगायच्या, आणि ते माझ्याबद्दल असायचं. दोन-चार हे माझ्या चुडीचं माप. मम्मी दोन-सहा. माझ्या धाकट्या बहिणीला, मिनूला, मात्र त्यांनी आकडा दिला नाही. तिला त्या 'मूठवाली' म्हणत.

त्या दरेकशाहून सकाळच्या लोकलनं गोंदियाला यायच्या. बाजारात भाजीवाल्यांची ओळ संपते तिथं एक कायमचं बंद शटर आहे. त्याच्यासमोर पोतं अंथरून, टोपली पुढ्यात घेऊन बसायच्या. टोपलीत काचेच्या चुड्या, दोरीत ओवलेल्या, रंगाप्रमाणे वेगळ्या. आजकाल मेटलच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्यांची दुकानं झगमगतात, पण त्यांच्याकडे फक्त काच. "पिलाष्टिक वाजते का वो?" एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

गिऱ्हाईक आलं की त्या तोंडाकडे बघत नसत. मनगटाकडे बघायच्या आणि माप सांगायच्या. चुकलेलं मी पाहिलं नाही. हातावरून त्या आणखीही बरंच काही ओळखायच्या. भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बाईची नखं, बिडी वळणारीच्या बोटांच्या पेरांवरचा गुळगुळीतपणा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "डाव्या हातानं लिवते ना वो तू?" मी हात मागे घेतला. अनोळखी माणसांनी माझ्याबद्दल काही ओळखलेलं मला आवडत नाही. शाळेत इंग्रजी, घरी पप्पा आणि आजी यांची पोवारी, बाजारात हिंदी. या सगळ्यांमध्ये मी कमी बोलायला शिकले आहे आणि त्यातच मला बरं वाटतं. पण सगुणाबाईंपुढे न बोलण्याचा काही उपयोग नव्हता. हात काही लपवत नाहीत.

मिनू तेव्हा आठ वर्षांची होती. ती बोलत नाही, म्हणजे पाच-सहा शब्द आहेत तिच्याकडे, पण ते ती तिला हवे तेव्हाच वापरते. आवाज, गर्दी, कुणाचा स्पर्श, सगळं तिला फार जोरात लागतं. आणि तिच्या दोन्ही मुठी सतत बंद असतात. आत काहीतरी असतं. बाटलीचं झाकण, चिंचोका, खडा. मूठ उघडायचा प्रयत्न केला तर ती स्वतःचंच मनगट चावायची. ते सोडवताना बसलेल्या दाताची खूण मम्मीच्या हातावर अजून आहे.

त्या वर्षी आमचं सगळं त्या मुठींवर येऊन अडलं होतं. शहरात मिनूसारख्या मुलांची एक शाळा आहे. तिथल्या मॅडमनी एक जागा तिच्यासाठी जून संपेपर्यंत धरून ठेवली होती. प्रवेशाला दिव्यांग प्रमाणपत्र हवं होतं, प्रमाणपत्राच्या अर्जाला आधार हवं होतं, आणि मिनूचं आधार बाळपणी काढलेलं, बोटांचे ठसे नसलेलं, म्हणून बंद पडलेलं. ते चालू करायला दहा बोटं आणि दोन डोळे लागणार होते.

डोळ्यांचं मशीन दुर्बिणीसारखं असतं. ते मिनूला फारच आवडलं, ती सोडेचना. बोटांच्या मशीनपाशी मात्र ती जमिनीवर आडवी झाली. आधार केंद्रातला ऑपरेटर माझ्याच वयाचा मुलगा होता, शांत स्वभावाचा. पहिल्या खेपेला त्यानं वीस मिनिटं वाट पाहिली. दुसऱ्या खेपेला आम्ही जेवणाच्या सुट्टीत गेलो, गर्दी नसताना, तरी तेच. "हात नसते तर मी तसं लिहू शकलो असतो, दीदी," तो मला म्हणाला. "पण बोटं आहेत ना." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मम्मी ते ऐकून बाहेर जाऊन पायरीवर बसली.

त्या दुसऱ्या खेपेहून परत येताना आम्ही बाजारातून चाललो होतो आणि मिनू माझ्या हातातून निसटली. सापडली ती सगुणाबाईंच्या टोपलीपाशी, दोन्ही मुठी चुड्यांमध्ये कोपरापर्यंत खुपसून. ती मुठी हलवायची आणि चुड्या वाजायच्या. चार-पाच तर माझ्यादेखत फुटल्या.

मी धावत जाऊन तिला ओढायला लागले. "सॉरी, सॉरी मावशी, ती तशी..."

"बसू दे ना वो," सगुणाबाई म्हणाल्या. "काच हाय, वाघ नाई."

"फुटल्या पण किती. मी भरून देते."

"फुटल्या म्हनू नाई, वाढल्या म्हनाव. अना माह्या टोपलीत वाढल्या त त्या माह्या. माह्या बापाचाबी हाच कायदा होता." त्यांनी फुटके तुकडे मिनूच्या मुठींच्या आजूबाजूनं एकेक करून वेचले, तिला जराही हात न लावता. मग पहिल्यांदा तिच्याकडे, म्हणजे तिच्या मुठीकडे, नीट पाहिलं. "काय हाय वो आत?"

मीच सांगितलं, झाकण असेल. आणि मग का कोण जाणे, मी त्या बाईंना सगळंच सांगून टाकलं. आधार, शाळा, जून, बोटं. मी असं कुणाला सांगत नाही. मम्मीसुद्धा माझ्याकडे बघत राहिली.

सगुणाबाईंनी ऐकून घेतलं. मग स्वतःचा अंगठा माझ्यापुढे धरला. तो गारगोटीसारखा गुळगुळीत होता, एकही रेघ नाही. "माहा राशनच्या मशीनवर लागतच नाई. चाळीस वर्सं काच घासून राहिली मी. नातवाच्या मोबाइलवर नंबर येते, तवा तांदूळ भेटते." आणि हसल्या. "तुमची पोट्टी बोटं देऊन नाई राहिली, माह्यापाशी द्याले बोटंच नाई. उद्या आना तिले. दुपारी. गिराईक नसते."

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. मम्मीचा विश्वास नव्हता, माझाही नव्हता. पण मिनू घरी सकाळपासून दारात उभी होती.

जे मी त्या पुढच्या महिनाभरात पाहिलं ते कुठल्याच व्हिडिओत मला सापडलं नव्हतं, आणि मी खूप पाहिले होते. आम्ही सगळे मिनूला 'हात उघड' म्हणायचो. सगुणाबाई कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी मिनूला चुडी भरायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी आपलाच हात पुढे केला, बोटं आवळून निमुळता केलेला, आणि एक हिरवी चुडी मिनूच्या गुडघ्यावर ठेवली. मग शेजारणीशी लसणाच्या भावाबद्दल बोलत बसल्या. हात तसाच पुढे.

दुसऱ्याला चुडी भरायची तर आपली मूठ सोडावी लागते. झाकण हातात ठेवून ते जमत नाही. मिनूला हे कळायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तिनं झाकण काळजीपूर्वक पोत्यावर ठेवलं, चुडी उचलली आणि सगुणाबाईंच्या बोटांत ढकलली. अर्ध्यावर अडकली. बाईंनी हात जरासा सैल केला, चुडी मनगटावर गेली, आणि वाजली. मिनूनं दुसरी उचलली.

मला वाटलं, आता लगेच पुढचं पाऊल. मी म्हटलं, "मावशी, आता तिच्या हातात घालून बघा ना."

"काऊन? गाडी सुटून राहिली का?" त्या म्हणाल्या. "थांब. घाई केली का काच जाते."

त्यांच्या दोन्ही हातांत रोज डझनभर चुड्या चढायच्या. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका जरा थबकून बघायच्या. एक ओळखीची बाई तर उभीच राहिली. "काय वो सगुणा, चुड्या भरून राहिली?" तिचा आवाज मला विचित्र वाटला.

"लेकरू भरून राहिलं," सगुणाबाई म्हणाल्या. "मी त खुटी हावो. खुटीले काय लागते?"

मला काही कळलं नव्हतं. चुड्या विकणारीचे हात मोकळे का, याचं उत्तर मी मनातल्या मनात देऊन टाकलं होतं की कामात अडचण होत असेल. घरी येताना मम्मीनं सांगितलं. "त्यांचे मालक नाहीत. त्यांच्या गावात विधवा बाई काच घालत नाही. एवढंही समजत नाही तुला?" मग मला हेही समजलं की रोज साडेचारच्या गाडीआधी त्या थोडा साबण लावून सगळ्या चुड्या एकेक करून का उतरवत. गाडीत गावच्या बायका असायच्या. मी त्यांना म्हणून पाहिलं की तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात परत मिनूपुढे धरला.

त्यांना राग येत नसे असं नाही. एकदा एक बाई चुड्या घ्यायला बसल्या, चांगल्या घरच्या. मिनू नेहमीप्रमाणे चुड्या वाजवत एकच आवाज काढत होती. बाई म्हणाल्या, "ऐसे बच्चों को बाजार में काहे को लाते हैं लोग?" मम्मी उठायलाच लागली. सगुणाबाईंनी त्या बाईंचा हात हातात घेतलेला होता. तो न सोडता त्या म्हणाल्या, "हात तुमचा दोन-आठचा हाय बाई. तोंड दोन-दोनचं ठेवा." आणि डझनभर चुड्या भरूनच त्यांना उठवलं. लसूणवाली पदर तोंडात धरून हसत होती. मम्मी परत बसली. त्या महिन्यात मम्मीला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी संशयी आहे. एखादं माणूस उगाच चांगलं वागलं की मी कारण शोधते. एका दुपारी त्या डबा खात होत्या, भात आणि लाखोळीची भाजी. मिनू त्यांच्या मांडीला टेकून बसली होती, आणि ती कुणाला टेकत नाही. मी विचारलं, "मावशी, तुमच्या घरी कुणी आहे का असं? मिनूसारखं?"

"नाई वो."

"नात्यात?"

"नाई." घास थांबवून त्या म्हणाल्या, "काऊन? असलं पायजे का?"

आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मिनूनं चुडी त्यांच्याऐवजी स्वतःच्या बोटांवर ठेवली. बाईंनी मान वळवली नाही, श्वाससुद्धा हळू घेतला असावा. चुडीच्या पलीकडून आपली दोन बोटं आत घालून त्यांनी मिनूची बोटांची टोकं धरली. "मासोळीवानी सोड हात," एवढंच म्हणाल्या. चुडी गेली. अशा चार गेल्या, दोन्ही हातांत दोन-दोन. मम्मी लसणाच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिली, आणि लसूणवालीनं तिला न मागता लसणाची एक जुडी बांधून दिली.

यानंतरची चूक माझी.

केंद्रावर जायच्या सकाळी मी मिनूच्या हातांना साबण लावून त्या चारही चुड्या काढल्या. मी वाचलं होतं की हात स्वच्छ, कोरडे आणि मोकळे असावेत. मी नियम वाचणारी आहे. मिनू ओरडली नाही, फक्त तिनं मुठी बंद केल्या. केंद्रात त्या उघडल्याच नाहीत. जागा अजून चार दिवसच धरलेली होती. ऑपरेटर म्हणाला, "दीदी, थोडा वेळ बसा, मी बाकीच्यांचं करतो, मग परत बघू." रांगेतून कुणीतरी म्हणालं, सकाळपासून हेच चाललंय. मी मम्मीला आणि मिनूला तिथंच ठेवलं आणि स्कूटी काढून बाजारात गेले.

सगुणाबाई डब्याचं झाकण उघडत होत्या. मी काय झालं ते सांगितलं.

"चुड्या काढल्या? काऊन?"

"मशीनसाठी."

"मशीननं म्हटलं का?"

त्यांनी डबा बंद केला, टोपली लसूणवालीकडे सरकवली, हिरव्या चुड्यांची एक दोरी कमरेला खोचली. "चाल. साडेचारच्या आत उरकवू." स्कूटीवर त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. माझा खांदा त्यांनी एवढा घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता.

केंद्रात गेल्यावर त्या कुणाला काही न विचारता टेबलाशी गेल्या आणि मशीनसमोर खाली वाकून बघू लागल्या. काळा डबा, वर काचेची पट्टी, आत हिरवट उजेड.

"हे त काचच हाय," त्या म्हणाल्या.

कमरेची दोरी सोडून एक चुडी काढली आणि त्या पट्टीवर हलकेच वाजवली. टिण. ऑपरेटर दचकला. "आजी, मशीन आहे ती..."

टिण. भिंतीशी तोंड करून बसलेल्या मिनूनं मान वळवली.

टिण. ती उठून आली.

सगुणाबाईंनी आपला हात निमुळता करून पुढे धरला. मिनूनं मुठीतलं झाकण टेबलावर ठेवलं आणि एक चुडी त्यांच्या हातात चढवली. मग बाईंनी दुसरी चुडी उचलली, मिनूच्या उजव्या हाताच्या चारही बोटांवरून सरकवली, आणि बोटांच्या मधल्या पेरांवर येताच थांबवली. आता चार बोटं सरळ, एकमेकांना चिकटून, चुडीच्या आत. तशीच ती काचेवर टेकवली. दाबली नाहीत. वर आपली बोटं फक्त ठेवली.

"आजी, थोडं दाबायला सांगा."

"सांगाचं नाई. थांबाचं," सगुणाबाई म्हणाल्या.

रांगेत अठरा-वीस माणसं होती. देवरीहून आलेले एक काका सगळ्यात पुढे होते, हातात टोकन आणि पिशवी. मघाशी कुरकुरलेला माणूस आता परत काहीतरी बोलणार होता. काका मागे न बघता म्हणाले, "गप ना बे. माही बस पाचची हाय, मी थांबून राहिलो. तुले काय झालं?" कुणीतरी पंखा बंद केला, कारण पंखा खडखडत होता आणि मिनू वर बघत होती. त्या उकाड्यात सगळे घाम पुसत उभे राहिले.

हात थकला. सगुणाबाई नेहमी म्हणायच्या तसंच, जिद्द थकत नाही, हात थकतो. मिनूची बोटं काचेवर जड झाली.

"हो गया," ऑपरेटर कुजबुजला. "हो गया, दूसरा हाथ."

दुसरा हात झाला. दोन अंगठ्यांसाठी बाईंनी दोन्ही अंगठे एकाच चुडीतून घातले, तेव्हा मिनूला हसू आलं आणि ठसा हलला, परत घ्यावा लागला. मग तोही झाला. डोळ्यांचं मशीन मिनूनं स्वतःच मागून घेतलं.

मम्मी परत त्या पायरीवर जाऊन बसली, पण या वेळी मी बघितलं, तिचे खांदे खाली आले होते. किती वर्षं ते वर होते कोण जाणे. देवरीचे काका खुर्चीत बसत म्हणाले, "झालं का पोरीचं? आता माहा अंगठा पाह्य बापा. नांगरानं खाल्ला हाय." ऑपरेटरनं पावती माझ्या हातात दिली आणि सगुणाबाईंना विचारलं, "आजी, तुमचंही अपडेट करून टाकू का?"

"माहा नोको. मशीन रडन," त्या म्हणाल्या.

पावती पाहून मॅडमनी जागा आणखी काही दिवस धरून ठेवली, आणि प्रमाणपत्र आल्यावर मिनूला शाळेत प्रवेश मिळाला. ती आता शाळेत जाते, बसमध्ये खिडकीशी बसते, आणि उजवी मूठ बहुतेक वेळ उघडी असते. डावीत अजून काहीतरी असतं, ते असू दे. सगुणाबाई दिवाळीपर्यंत बाजारात येत होत्या. मग मोतीबिंदू वाढला, आणि आता त्यांची सून त्याच शटरसमोर बसते. सून चांगली आहे, पण ती माप विचारते.

मला मात्र त्या आठवतात त्या केंद्राच्या दिवशीच्या. मी त्यांना बाजारात नेलं, टोपली घेतली, आणि स्टेशनवर पोचवलं. मागून रिक्षानं मम्मी आणि मिनूही आल्या. साडेचारची गाडी फलाटाला लागलेलीच होती, डब्याच्या दारात दरेकशाच्या दोन बायका उभ्या. सगुणाबाई टोपली डोक्यावर घेऊन भराभर चालल्या होत्या. दोन्ही हात वर, पदर मागे गेलेला. तेव्हा आम्हाला दिसलं की उजव्या मनगटावर एक हिरवी चुडी आहे. मिनूनं केंद्रात चढवलेली. घाईत उतरवायची राहून गेली होती.

"बाई," मम्मी मागून म्हणाली, हळूच, त्या दोघींना ऐकू जाऊ नये म्हणून. "चुडी राहिली हातात."

सगुणाबाई थांबल्या. मान वर करता येईना म्हणून त्यांनी डोळे तेवढे वर नेऊन मनगटाकडे पाहिलं. मग दारातल्या बायकांकडे पाहिलं. मग मिनूकडे, म्हणजे तिच्या हाताकडे.

"राहिली त राहिली," त्या म्हणाल्या, आणि टोपली पुढे देऊन गाडीत चढल्या.